बर्फावरचे साडू

पुरुषासारखा पुरुष म्हणजे काय, याचा निकाल एकदाचा लावायचा असेल तर आमच्या साडूंना बघून यावं. मग बोलण्यासारखं काही उरत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सहा फुटांना जेमतेम दोन बोटं कमी, खांदे असे की आमच्या मोटारीत पुढे बसले की मला गिअर त्यांच्या परवानगीने टाकावा लागतो, आणि मिशी अशी की फोनवरसुद्धा जाणवते. साउथहॅम्प्टनच्या बाजूला त्यांनी हाडांचे डॉक्टर म्हणून उभी हयात काढली. तिकडच्या कितीतरी लोकांचे गुडघे आणि खुबे त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत. मूळ सांगलीकडच्या एका खेड्यातले; वडील तालमीचे वस्ताद, त्यामुळे रांगायला लागले तेच लाल मातीत. आणि असा हा माणूस ज्यांचा निस्सीम भक्त आहे ती जपानी मुलं कुस्ती खेळत नाहीत, कराटे खेळत नाहीत, तर झालरीचे सदरे घालून, भुवया कोरून, पियानोच्या सुरांवर बर्फावर गिरक्या घेतात. मेन्स फिगर स्केटिंग, आणि त्यातही फक्त जपानी. बाकीच्या देशांचे खेळाडू ते पाहतात, पण दूरच्या नात्यातल्या लग्नाला आपण जातो तसे. अहेर देतात, जेवतात आणि गाडी पकडतात.

हे वेड लागलं कसं, याची कथा मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की त्यांना ठसका लागला तर पुढचं वाक्य मी म्हणू शकतो. दोन क्लिनिकांच्या मधल्या चहाला ते डॉक्टरांच्या खोलीत बसले होते. टीव्ही चालू होता. पडद्यावर एक किडकिडीत जपानी पोरगा आला, अंगात पांढरा तलम सदरा, मनगटाला झालर, कपाळावर बटा. बाजूचा कोणीतरी म्हणाला, "बिट गर्ली, इझंट ही?" आणि खोली हसली. साडूही थोडे हसले. हे ते स्वतः कबूल करतात. तेवढ्यात त्या पोराने हवेत चार गिरक्या घेतल्या आणि एका पायावर, मागच्या मागे, तलवार म्यानात जावी तसा तो खाली उतरला. साडू कप हातात धरून उभे राहिले. "अहो साडूभाऊ, त्या एका घोट्यावर काय लोड आला असेल, यू हॅव नो आयडिया! मी आयुष्यभर लोकांचे घोटे जोडलेत. त्या लोडला सर्वसाधारण घोटा राजीनामा देतो. आणि हा पोरगा चक्क स्माइल करत होता!" कार्यक्रम संपल्यावर त्या मुलाने गुडघे टेकून दोन्ही तळवे बर्फाला लावले, आणि तिथे साडू कायमचे घसरले. तालमीच्या हौद्यात उतरणारा पैलवान मातीला हात लावून कपाळाला लावतो, ते पाहत ते मोठे झाले होते. "हा तालमीतला आहे," ते खोलीला उद्देशून मराठीत म्हणाले. खोलीला काही कळलं नाही. पुढचा पेशंट त्या दिवशी पाच मिनिटं थांबला, आणि त्याला त्याचा गुडघा सोडून जपानबद्दलच जास्त ऐकावं लागलं.

तेव्हापासून साडूंचं कॅलेंडर जपानी बर्फावर चालतं. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे मोठी स्पर्धा असली की त्यांच्याकडे नाश्ता उभ्याने होतो. मुलगा बर्फावर असेपर्यंत बसायचं नाही, हा घरचा नियम. "तो उभा आहे आणि मी काय बसू?" असं त्यांचं म्हणणं. आमच्या वॉटफर्डच्या घराच्या वास्तुशांतीला गुरुजी आरती म्हणत असताना साडू ताम्हणामागे मान खाली घालून फार भक्तिभावाने उभे होते. माझी बायको मला कोपराने ढोसून म्हणालीसुद्धा, बघा, शिका जरा. एवढ्यात "उतरला! क्लीन उतरला!" अशी गर्जना झाली, घंटा वाजवणारे माझे चुलते दचकून थांबले, आणि ताम्हणामागे फोन असल्याचं उघडकीला आलं. गुरुजी पुण्याचे होते. त्यांनी आरती पुढे चालू केली आणि प्रसाद घेताना हळूच विचारलं, कोण उतरला म्हणालात?

त्यांची एक वही आहे. तिच्यात इथल्या टीव्हीवरच्या समालोचकांनी कोणत्या खेळाडूला कोणतं विशेषण लावलं, ते ते टिपून ठेवतात. डाव्या बाजूला गोरे, उजव्या बाजूला जपानी. त्यांचा सिद्धान्त असा की तीच उडी, तेवढीच उंच, गोऱ्या मुलाने मारली की ती 'पॉवरफुल' आणि जपानी मुलाने मारली की 'डेलिकेट'. गोऱ्याने काळा शर्ट घालून रॉक म्युझिकवर ठणाणा केला की 'मॅस्क्युलिन', आणि जपान्याने मोरपंखी झगा घातला की 'एथेरियल'. "अहो, एथेरियल म्हणजे काय? भूत आहे का तो? त्याच्या मांडीचा मसल बघा!" या विषयावर त्यांनी त्या चॅनेलला पाच पानी पत्र लिहिलं, सोबत खुब्याच्या सांध्याची स्वहस्ते काढलेली आकृती जोडली. 'आपल्या रसाबद्दल आभारी आहोत' अशा अर्थाचं दोन ओळींचं उत्तर आलं. ते त्यांनी वहीला चिकटवलं असून त्याखाली लाल शाईने 'डेलिकेट' असा शेरा मारला आहे.

मी एका कौन्सिलमध्ये पार्किंगच्या तक्रारी वाचून पोट भरणारा माणूस. विशेषणांशी माझा संबंध येतो, पण ती सगळी एकाच जातीची असतात. त्यामुळे सुरुवातीला मला यात काही समजत नसे. मग एका रविवारी साडूंनी मला सोफ्यावरून उठवून टीव्हीसमोर उभं केलं आणि एकाच मुलाचे दोन वर्षांतले दोन कार्यक्रम लावले. एका वर्षी तो जुन्या जपानी योद्ध्याच्या वेशात, जबडा आवळून, एखाद्याचा मुडदा पाडायला निघाल्यासारखा. पुढच्या वर्षी तोच, फिकट जांभळ्या रंगात, बोटांच्या टोकांनी हवेतून काहीतरी अलगद उचलत. "तिकडचे पेपरवाले दोन्ही वर्षी त्याला प्रिन्सच म्हणतात," साडू म्हणाले. "कोणी विचारलं नाही की बाबा, तू नक्की कोणता. आम्हाला लहानपणी एकच ड्रेस होता साडूभाऊ, आणि तो आयुष्यभर धुवून धुवून घातला." ते टीव्हीकडेच बघत होते, म्हणून मीही तिकडेच बघत राहिलो.

त्यांची लेक ईलिंगला राहते, शाळेत शिकवते, जन्माने इथली. ती बापाला आरपार ओळखते. तिने एकदा जेवताना सरळ सांगितलं, "बाबा, हा तुमचा फॅन्टसी आहे. मी वाचली आहे ना. जपानमध्ये पण मेन्सना ऑफिसमध्ये रडायला अलाउड नाही आहे. घरी पण नाही. ते फक्त आइसवर चालते. इट्स परफॉर्मन्स." साडूंनी घास थांबवला, विचार केला. मला वाटलं आता वही निघणार. पण ते म्हणाले, "असेल. पण तेवढी तरी एक जागा आहे ना तिथे?" लेकीने त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि विषय सोडून दिला.

रडण्याच्या बाबतीत मात्र साडू जपान्यांच्याही पुढे गेले आहेत. तिकडे निकालाची वाट पाहत बसलेल्या खेळाडूंच्या हाती टिश्यूचा डबा असतो, आणि त्या डब्याला एखाद्या गुबगुबीत प्राण्याचं कापडी आवरण. साडूंनी तसं अस्वलाचं आवरण मागवलं आणि ते लग्नकार्याला, पदवीदान समारंभाला, रिटायरमेंट पार्टीला बरोबर नेऊ लागले. गहिवर आला की लपवायचा नाही. अस्वलाच्या पोटातून टिश्यू काढायचा, मिशी टिपायची, आणि पुढच्या माणसापुढे अस्वल धरायचं. माझ्या भाचीच्या लग्नात वरबापाने, म्हणजे एका अत्यंत कडक सॉलिसिटरने, त्या अस्वलातून तीन टिश्यू घेतले. त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितलं की पंचवीस वर्षांत असं पहिल्यांदाच पाहिलं.

आणि मराठी मंडळातलं ते भाषण! ईलिंगच्या एका मराठी कार्यक्रमात साडूंना 'गुडघ्याची निगा' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. गुडघ्यावर ते चार मिनिटं बोलले आणि पाचव्या मिनिटाला जपानला पोचले. शेवटी प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतले एक सूटवाले गृहस्थ मिश्कीलपणे म्हणाले, "डॉक्टर, सगळं ठीक आहे हो, पण ही पोरं जरा... म्हणजे, यू नो. पुरुषी नाही वाटत." सभागृहात खसखस पिकली. साडू रागावले नाहीत. त्यांनी त्या गृहस्थांना प्रेमाने पुढे बोलावलं. "एका पायावर उभे राहा. छान. आता दुसरा पाय मागे सरळ. आता हात बाजूला, बोटं मऊ ठेवा, तव्यावरचा फुलका उचलतो तशी. आता हसा." गृहस्थ हसण्यापूर्वीच स्टेजच्या पडद्यात गेले. मग साडू सगळ्यांना म्हणाले, "ज्यांना पुरुषी असण्याची खात्री आहे त्यांनी उभे राहा." मिनिटाभरात चाळीसेक मराठी पुरुष, त्यात दोन हृदयाचे डॉक्टर आणि एक माजी अध्यक्ष, एका पायावर उभे राहून दात विचकत होते आणि एकमेकांच्या खांद्याला धरत होते. बायका खुर्च्यांवर बसून फोटो काढत होत्या. मी सात सेकंद टिकलो. अभिमानाने सांगतो, माजी अध्यक्ष तीनच.

रिटायर झाल्यावर साडूंनी स्वतः स्केटिंग शिकायला घेतलं. पाऊण तासावरच्या एका गावातल्या रिंकवर ते जाऊ लागले. नवशिक्यांना धरायला तिथे प्लॅस्टिकचे पेंग्विन असतात, साधारण चार वर्षांच्या मुलांच्या उंचीचे. हॉस्पिटलात ज्यांच्या पावलांच्या आवाजाने ज्युनिअर डॉक्टर ताठ होत, ते आमचे साडू सहा महिने कमरेत वाकून पेंग्विन ढकलत होते. त्यांची कोच एक बारीकशी, करारी इंग्रज बाई. "लव्हली मुस्टॅश, डॉक्टर, टेरिबल नीज," हा तिचा पहिला अभिप्राय. चार वर्षांत पेंग्विन सुटला, मागे जाता येऊ लागलं, बसकी गिरकी जमली आणि अर्ध्या वळणाची एक छोटी उडीही. मग त्या कोचबाईंनीच त्यांचं नाव प्रौढांच्या स्पर्धेत घातलं. पासष्टच्या पुढचा गट, दीड मिनिटाचा कार्यक्रम. माझ्या मेहुणीने शिवणाचं मशीन काढलं आणि गडद निळ्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाचा सदरा शिवला, त्याच्या एका खांद्यावरून छातीपर्यंत आपल्या जुन्या पैठणीचा मोरांचा काठ फिरवला. साडूंनी तो घालून आरशात पाहिलं आणि अस्वल मागितलं.

आता या सगळ्यात एक अडचण होती, आणि ती त्याच उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी सांगलीहून येणार होती. आबा, साडूंचे वडील. वय नव्वद, धोतर, काळा कोट, टोपी, आणि एका हाताने दार उघडलं तर बिजागरी विचारात पडावी असा पंजा. साडू आबांना भीत. म्हणजे आदर वगैरे नाही, सरळ भीत. सहासष्ट वर्षांचा हा माणूस आबा घरात आले की पाय खाली सोडून बसायचा. स्केटिंगला जाताना तो बॅग घेऊन सांगे, "आबा, जरा व्यायामाला जाऊन येतो." आबा म्हणत, "जा. वाईच प्वाट कमी व्हईल."

चौथ्या आठवड्यात ऊन पडलं म्हणून मेहुणीने सदरा धुऊन बागेतल्या दोरीवर टाकला. आबा काठी टेकत बागेत गेले, दोरीखाली उभे राहिले आणि बराच वेळ वर पाहत राहिले. मग आत येऊन म्हणाले, "सूनबाई, ते मोराचं पोलकं कुनाचं?"

मेहुणीला आयुष्यात खोटं बोलता आलेलं नाही. "ह्यांचं," ती म्हणाली, आणि मग बर्फापासून जपानपर्यंत सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मला साडूंचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला मिशी जाणवली नाही. "साडूभाऊ, आबांना कळलं."

"मग? काय म्हणाले?"

"काहीच नाही. दॅट्स द प्रॉब्लेम. फक्त म्हणाले, मी येनार बघायला."

मी म्हटलं, अहो मग चांगलंच आहे की. त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. शाळेच्या संमेलनात त्यांनी पेटीच्या सुरांवर मल्लखांब केला होता. तेरा-चौदा वर्षांचे असतील. तालमीतल्या कुस्तीत ते यथातथाच होते, पण मल्लखांबावर चढले की अंगाला वजन राहत नसे. आबा पहिल्यांदाच त्यांचं काही बघायला आले होते, मागे भिंतीला टेकून उभे होते. कार्यक्रम अर्ध्यावर आला तेव्हा खांबावर उलटं लटकलेल्या साडूंना दिसलं, की आबा गर्दीतून वाट काढत बाहेर निघाले आहेत. मागाहून त्यांच्या कानावर आलं की कोणीतरी म्हणालं होतं, वस्तादांचं पोरगं नाचतंय झकास. त्यानंतर साडूंनी मल्लखांबाला हात लावला नाही. अभ्यास केला, डॉक्टर झाले, इकडे आले. आबा त्यानंतर त्यांचं काहीच बघायला आले नाहीत.

"तुम्ही आबांच्या शेजारी बसा," साडू म्हणाले. "आणि ते उठले, तर प्लीज, मला कळता कामा नये. मी म्युझिकवर लक्ष ठेवीन. तुम्ही काहीतरी करून त्यांना आडोशाने बाहेर न्या. पण मला दिसता कामा नये."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मी बायकोला म्हटलं की या कामगिरीपुढे उद्यापासून कामावर कुणी ओरडलं तर मला त्याचं काही वाटणार नाही.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही रिंकवर वरच्या बाकावर बसलो. आबांच्या उजवीकडे मी, डावीकडे नात. आबांनी बाकावर स्वतःची घोंगडी अंथरली आणि हातमोजे नको म्हणून सांगितलं. बाकीचे लोक थर्मासमधून चहा पीत आपापल्या माणसांना हात करत होते. आबांनी सगळीकडे नजर फिरवली. "हितं हलगी न्हाई वाजवत व्हय?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नाही आबा, पियानो असतो. "मग अंगात यायचं कसं?" साडूंच्या गटात दोघेच होते. पहिले एक रिटायर्ड पोस्टमन, सत्तरीचे, साडूंहून सराईत. ते झोकात खेळून गेले. मग साडूंचं नाव पुकारलं गेलं आणि तो निळा सदरा, मोरांसकट, बर्फाच्या मधोमध येऊन उभा राहिला. दोन रांगा पुढे कोणीतरी हलकेच हसलं. माझा हात आपोआप आबांच्या कोटाच्या बाहीजवळ गेला.

सुरुवात फार देखणी झाली. मी साडूंना पोळी लाटताना, खुबा समजावून सांगताना, मोटारीतल्या सॅटनॅवशी भांडताना पाहिलं आहे, पण असं पाहिलं नव्हतं. एवढा मोठा देह, आणि हात वर उचलले तर बोटं खरोखर मऊ. चेहऱ्यावर आव नाही, ओशाळेपण नाही. मला एकदम भरून आलं, आणि हे आमचे साडू आहेत, असं मी बाजूच्या अनोळखी बाईंना इंग्रजीत सांगून टाकलं. बसकी गिरकी झाली, ते मागे वळले, उडीसाठी वेग घेतला, उडी मारली आणि उतरताना पाय सटकला. धप्पकन ते कुशीवर आपटले आणि घसरत कठड्यापर्यंत गेले. रिंकभर 'ऊ' असा आवाज झाला. आणि त्याच क्षणी माझ्या शेजारी आबा उठले.

मी बाही पकडली. मला साडूंचं वाक्य आठवत होतं, आणि साडू नेमके आमच्याच बाजूला तोंड करून पडले होते; त्यांना सगळं दिसत होतं. "आबा, बसा, आबा," मी म्हणत होतो. आबांनी माझा हात माशी झटकावी तसा झटकला, दोन्ही हात वर केले आणि नव्वद वर्षांच्या छातीतून असा आवाज काढला की पियानो ऐकू येईना.

"पाठ न्हाई टेकली! ओ पंच, पाठ न्हाई टेकली! कुस्ती चालू हाय! ऊठ लेका!"

पंच म्हणजे बर्फाच्या कडेला टेबलाशी बसलेल्या तीन इंग्रज बायका. तिघींनी माना वर केल्या. आबा त्यांच्याकडे बोट दाखवून खुणेने बजावत होते, की खांदे जमिनीला लागलेले नाहीत, नीट बघा, निकाल देऊ नका. पडलं म्हणजे खेळ थांबला असेल आणि आपल्या पोरावर अन्याय होईल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. नात त्यांच्या कमरेला धरून एकाच वेळी हसत आणि रडत होती. "आबा, इट्स ओके, ते थांबत नाही आहेत, बाबाचा टाइम चालू आहे!" आणि खाली साडू एक हात गुडघ्यावर टेकून उठले. मी पैजेवर सांगतो, त्या माणसाच्या तोंडावर पडल्याचं दुःख नव्हतं. उरलेली चाळीस सेकंदं ते असे खेळले की कोचबाई कठड्यावर मुठी आपटत होत्या. शेवटची पोज घेऊन ते थांबले तेव्हा आबा उभेच होते, कारण माझं 'बसा' त्यांनी ऐकलंच नव्हतं.

दोघांत साडू दुसरे आले. पोस्टमननी त्यांना मिठी मारली, ती बराच वेळ सोडली नाही. साडू ढसाढसा रडले. अस्वल घरी राहिलं होतं, म्हणून त्यांनी पोस्टमनच्याच खांद्याला मिशी पुसली. आबांनी मला विचारलं, कितीत दुसरा? मी म्हटलं, दोघांत. आबा म्हणाले, "त्यो फुडचा गडी जुना दिसतोय. चालायचंच."

संध्याकाळी साडूंच्या घरी सगळे चहा घेत बसलो. साडूंचा गुडघा सुजला होता. इतरांचे गुडघे बरे करणारा माणूस स्वतःच्या गुडघ्यावर फ्रोझन मटारची पिशवी ठेवून बसला होता. आबांनी सुनेकडे तेल मागितलं. खोबरेल नव्हतं, तिने ऑलिव्ह ऑइलची बाटली दिली. आबा सावकाश सोफ्यासमोरच्या स्टुलावर बसले, मटार बाजूला ठेवले आणि तळहातावर तेल घेतलं. साडू दचकून पाय ओढून घेऊ लागले. "आबा, हे काय, नको, नको." तालमीत वस्तादांचे पाय पोरं चेपतात, वस्ताद पोराच्या पायाला हात लावत नाहीत.

"गप बस," आबा म्हणाले. "कुस्ती झाली की पाय वस्तादाच्या हवाली करायचा. नवा नेम हाय. आजपासनं."

ते चोळत राहिले. मग मान वर न करता आबा म्हणाले, "साळंतल्या त्या येळंला म्या उठून गेलो. तुला दिसलं आसंल."

साडूंनी बाजूची मटारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"तवा समद्यांचं बोलनं कळत व्हतं मला. हितं येकाचं बी कळलं न्हाई. म्हनून नुसतं तुझ्याकडं बघत बसलो." आबांनी बाटलीतून आणखी तेल घेतलं. "लई ब्येस करतोस रं तू. मला म्हाईतच नव्हतं."

साडूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि किटली पुन्हा चालू केली, पाणी गरम होतं तरी. माझे वडील नाशिकला वारले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांनी माझं एक नाटक कॉलेजात पाहिलं होतं. कसं वाटलं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. किटलीचा आवाज होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

आबा परत गेले. आता त्यांना प्रवास झेपत नाही, ऐकूही कमी येतं. साडू अजून स्पर्धेत उतरतात आणि अजून दुसरेच येतात. पोस्टमन काही हटत नाहीत. दर वेळी मला वॉटफर्डहून जावं लागतं, कारण वरच्या बाकावरून आबांना व्हिडिओ कॉल लावून फोन धरण्याचं काम माझ्याकडे आहे. रिंकवर सिग्नल यथातथाच. बऱ्याचदा साडू चौकटीच्या बाहेर निघून जातात आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकतं. तिकडे सांगलीत आबांपुढे उरलेला वेळ नुसता पांढरा बर्फ असतो, ना आवाज, ना माणूस. मी ओरडून सांगतो, आबा, दिसत नसेल तर ठेवा, नंतर रेकॉर्डिंग पाठवतो. पण आबा टोपी घालून, पडद्याच्या अगदी जवळ तोंड आणून बसलेले असतात आणि फोन ठेवत नाहीत.